आकडा कोणत्या यंत्राचा?

महोदय,

दिवाळीनंतर आमच्या बोक्याचा डावा डोळा जरा मोठा दिसू लागला. उन्हातही बाहुली आकसेना. सांगलीतल्या एका दवाखान्यात डोळा बधिर करणारा थेंब टाकून पेनासारख्या टोनोमीटरने (डोळ्यातला दाब मोजणाऱ्या यंत्राने) दाब मोजला. २२ मिमी (पाऱ्याचे) आला. मांजरात साधारण २५ पर्यंत चालतो, म्हणून थेंब देऊन आम्हाला घरी पाठवले. आठ दिवसांनी पुण्यात दुसऱ्या यंत्राने मोजला, तर त्याच डोळ्यात ३६ आणि उजव्यात १८!

मधल्या दिवसांत दाब वाढलाही असेल, त्यावर मी वाद घालत नाही. पण पुण्याच्या डॉक्टरांनी समजावले ते इथल्या मांजरवाल्यांना कळावे म्हणून लिहितो. पेनासारखे यंत्र बुबुळावरचा पारदर्शक पडदा किंचित सपाट करून दाब मोजते. मांजरात ते खऱ्या दाबापेक्षा कमी आकडा दाखवते आणि दाब चढेल तशी ही तफावत वाढत जाते. म्हणजे काचबिंदूची शंका असते नेमके तेव्हाच ते फसवते. दुसरे रिबाउंड टोनोमीटर. त्यातली बारीक सळई डोळ्याला अलगद टेकून मागे उसळते आणि त्या उसळीवरून दाब निघतो. थेंब लागत नाही, सहा वेळा मोजून सरासरी येते. मांजरात हे अधिक भरवशाचे. मात्र सळई आडवी धरावी लागते, शिवाय कुत्रा-मांजर आणि घोडा यांची सेटिंग वेगळी असतात.

धरण्याचाही प्रश्न असतो. मान आवळली किंवा पापणी उघडताना बोट डोळ्यावर दाबले गेले, की आकडा फुगतो. सांगलीत आमच्या बोक्याला तिघांनी दाबून धरले होते, तरी २२ च आला. खरा दाब किती असेल देव जाणे.

इथल्या दवाखान्यांत गर्दी गायी-म्हशींची. दोन-दोन यंत्रे कोण घेणार, हे मलाही कळते. निदान केसपेपरवर आकड्यापुढे यंत्राचे नाव लिहावे आणि पुढच्या खेपेला शक्यतो त्याच यंत्राने मोजावे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, शिरवळला, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांनी आपल्या भागातल्या डॉक्टरांसाठी यावर एक दिवसाचे शिबिर घेतले तर फार बरे होईल.

माझ्याकडच्या पहिल्या केसपेपरवर नुसते ‘२२’ आहे. कोणता डोळा, तेही नाही. बोक्याला आता डावीकडचे दिसत नाही. ओट्यावर उडी मारण्याआधी तो मान वळवून उजव्या डोळ्याने अंदाज घेतो.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली