एका सिस्टरकडे किती रुग्ण, हे कोण मोजणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी दरवर्षी जाहीर होते आणि 'आमच्या विद्यापीठाचे इतके प्राध्यापक' अशा बातम्या जिल्हा आवृत्त्यांत झळकतात. कौतुक जरूर व्हावे. पण शोधनिबंध किती, उद्धरणे (इतर संशोधकांनी दिलेले दाखले) किती, या दोन्हींवरून काढलेला 'एच-इंडेक्स' हा गुणांक किती, एवढ्यावर बातमी आटोपते. त्या निबंधांमुळे कुणाच्या आयुष्यात काय फरक पडला, हे कुणी विचारत नाही. मी परिचर्या (नर्सिंग) शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवली, म्हणून आमच्याच क्षेत्रातले एक उदाहरण मांडते.

लिंडा एकेन या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधक. मूळच्या परिचारिका, डॉक्टरेट समाजशास्त्रात. २००२ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा जो निबंध आला, तो परिचर्येतील सर्वाधिक उद्धृत निबंधांपैकी एक आहे. पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांतल्या १०,१८४ परिचारिकांना त्यांनी विचारले, की शेवटच्या पाळीत तुमच्याकडे किती रुग्ण होते? ती उत्तरे शस्त्रक्रिया झालेल्या २,३२,३४२ रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहिली. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की ३० दिवसांत मृत्यू ओढवण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे दिसले. रात्रपाळी केलेल्या प्रत्येकीला हे आतून ठाऊक होतेच. ऑपरेशननंतर गुंतागुंत कुठेही होऊ शकते. रक्तदाब उतरतोय, श्वास बदललाय हे वेळेत कुणाच्या लक्षात येते, यावर पुढचे सारे अवलंबून असते, आणि खाटेजवळ असते ती सिस्टरच. तिच्याकडे चारऐवजी आठ रुग्ण असतील तर ती तिथे कशी पोहोचणार?

या निबंधाच्या लेखकांत परिचारिकांबरोबर समाजशास्त्रज्ञ होते, डॉक्टरही होते. पुढे हेच काम बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठाच्या सहकार्याने युरोपात गेले. २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नऊ देशांतील ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला आणि तिथेही तोच ७ टक्क्यांचा आकडा निघाला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये ठरावीक सरकारी रुग्णालयांत दिवसपाळीला एका परिचारिकेमागे सरासरी चार आणि रात्री सात रुग्णांची मर्यादा घातली. त्याचा परिणाम एकेन यांच्याच चमूने तिथल्या संशोधकांसोबत मोजला व २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. मृत्यू घटले, रुग्ण लवकर घरी गेले, आणि जादा परिचारिकांवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून अधिक पैसा वाचला. कोणत्याही अर्थखात्याने वाचावा असा हा निबंध आहे.

आता आपल्याकडे पाहू. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, असे आहे. आपल्या सरकारी रुग्णालयांतला मेडिसिन वॉर्ड रात्री एकदा फिरून पाहावा. तरीही एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांत हा प्रश्न क्वचितच सापडतो. तिथे विषय बहुधा एकच: अमुक आजाराच्या माहितीबाबत 'प्लॅन्ड टीचिंग प्रोग्रॅम'ची परिणामकारकता. आधी प्रश्नावली, मग तासभर शिकवणे, पुन्हा प्रश्नावली. गुण वाढतात, प्रबंध बांधून ग्रंथालयात जातो. दोष मुलींचा नाही. एकटीने, स्वखर्चाने, नोकरी सांभाळून काही महिन्यांत याहून मोठे काय होणार? पुढे बढतीसाठी निबंध लागतात, म्हणून पैसे भरून ते कुठेतरी छापले जातात.

मोठे काम आपल्या मातीत होत नाही, असे मात्र नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. बालमृत्यू किती घटले याचा त्यांचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला आणि आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे ते काम आहे.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातील वैद्यकीय आणि परिचर्या, दोन्ही महाविद्यालये संलग्न आहेत. विद्यापीठाने एम.एस्सी.च्या विद्यार्थिनींना सुटे विषय देण्याऐवजी एकच सामायिक प्रश्न द्यावा: प्रत्येक पाळीत एका अधिपरिचारिकेकडे (स्टाफ नर्सकडे) किती रुग्ण, आणि त्या वॉर्डातील रुग्णांचे पुढे काय झाले? सगळीकडे नमुना अर्ज एकच असावा. सोबत संख्याशास्त्रज्ञ आणि डॉक्टर असावेत, पण मुख्य संशोधक परिचारिकाच असावी. वैद्यकीय शिक्षण खात्याने रुग्णांची नावे वगळून नोंदी खुल्या कराव्यात. आणि निष्कर्ष मराठीतही प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे रिक्त पदांचा प्रश्न विधिमंडळात येईल तेव्हा आमदारांच्या हाती महाराष्ट्राचे स्वतःचे आकडे असतील.

आपली,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका, सातारा