जत्रेच्या पोस्टरबद्दल तुला

फोंडा, गोवा
रविवार, सकाळ

प्रिय मित्रा,

जत्रेतल्या नाटकाचं तुझं पोस्टर काल रात्री आलं. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण तू लिहिलंस, "छान आहे म्हणू नकोस, काय चुकतंय ते सांग." असं कुणी मनापासून विचारलं की घाईत बोलवत नाही, म्हणून चहा घेऊन लिहायला बसलो आहे.

आधी एक आठवण. आपण शाळेत होतो तेव्हा बाजारात एक पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आठवतो? मी सुट्टीत तासन्‌तास त्याच्यापाशी उभा राहायचो. तो ब्रश लगेच हातात घेत नसे. खडू लावलेला दोरा ताणून टिचकी मारायचा, फळीवर सरळ पांढरी रेघ उमटायची, ती शिरोरेघ. मग खडूनेच अक्षरं, अगदी पुसट. मग शिडीवरून उतरून रस्ता ओलांडायचा, पलीकडे उभा राहून डोळे बारीक करून बघायचा, परत येऊन एखादा काना पुसायचा. मला म्हणायचा, "पयलीं पळय, मागीर बरय." आधी बघ, मग लिही. आज मी दिवसभर कॉम्प्युटरवर जे करतो त्याचं सगळं मूळ त्या रस्ता ओलांडण्यात आहे.

तुझ्या पोस्टरला तेवढंच हवं आहे. ते स्क्रीनवर लहान कर, दहा टक्के, अंगठ्याच्या नखाएवढं. आता काय वाचता येतं? मी केलं तर मला देवीमागची किरणं दिसली आणि कमिटीवाल्यांच्या चेहऱ्यांचे ठिपके. नाटकाचं नाव दिसलं नाही, तारीखही नाही. स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाकडे दोन-तीन सेकंद असतात. त्याला नाटक कुठलं, कधी आणि कुठल्या देवळाच्या मांडावर, एवढंच त्या क्रमाने मिळालं पाहिजे. तू प्रत्येक गोष्ट मोठी केलीस, म्हणून एकही मोठी राहिली नाही. कागदावर पेन्सिलीने आधी तीन चौकोन काढ: सगळ्यांत मोठा नावाचा, मधला तारीख-वेळेचा, लहान बाकी सगळ्याचा. हे ठरेपर्यंत सॉफ्टवेअर उघडूच नकोस.

चेहऱ्यांचे ते फोटो गाळता येणार नाहीत हे मला ठाऊक आहे. गावात राहायचं आहे, देणगीदाराला नाराज करून चालत नाही. मग खाली एकच पट्टी कर, सगळे फोटो एका मापात काप आणि सगळ्यांचे डोळे एका आडव्या रेषेत आण. जिम्पमध्ये, म्हणजे तुझ्या त्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये, वरच्या रूलरवरून माउसने गाइडची रेष खाली ओढ आणि प्रत्येक चेहरा त्या रेषेला लाव. दहा मिनिटांचं काम आहे, पण एवढ्याने ती गर्दी शिस्तीत उभी राहते.

अक्षरांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथेच सगळे घसरतात. तू चार फाँट वापरलेस. दोन पुरेत: नावाला एक ठळक, बाकीच्याला एक साधा. मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी हे सगळे मोफत आहेत आणि यूनिकोड आहेत. तिरोमध्ये ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात; पुष्कळ फाँटमध्ये ते हिंदी वळणाचे येतात आणि आपल्या डोळ्याला कुठेतरी टोचतं. आणखी एक, इंग्रजी ट्यूटोरियल बघून तू अक्षरांमधलं अंतर वाढवलं आहेस. रोमन लिपीत ते शोभतं. देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ते शून्यावर आण. उलट दोन ओळींमधलं अंतर वाढव, कारण आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, ते एकमेकांत अडकतात.

आणि जोडाक्षरं तपास, एकेक. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका जत्रेचा फ्लेक्स मी फोटोशॉपमध्ये केला होता. देवनागरी नीट जुळायला तिथे तेव्हा परिच्छेदाच्या पॅनलमधून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागायचा, हे मला माहीत नव्हतं. ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या आधी न येता नंतर आल्या आणि "श्री"चा श पायमोडका होऊन वेगळा पडला. छापणाऱ्याने पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. देवळासमोर फ्लेक्स बांधल्यावर एक आजोबा बराच वेळ वर बघत उभे होते. मग म्हणाले, "देवीच्या नावात तरी नको होतं रे." ते वाक्य आजही आठवतं. तेव्हापासून छापायला देण्याआधी प्रत्येक ओळ मी मोठ्याने वाचतो आणि दुसऱ्या कुणाकडूनही वाचून घेतो.

रंग. तू सात वापरलेस, शिवाय अक्षरांना लाल कड, तिला पांढरी कड, खाली सावली. कड द्यावीशी वाटते तेव्हा समज की अक्षर आणि मागचा रंग यांच्यात पुरेसा फरक नाही. फरक वाढव, कडेची गरज उरणार नाही. पारख सोपी आहे: चित्रातले रंग काढून ते करड्या छटांत बघ. पिवळ्यावरचं पांढरं तिथे नाहीसं होईल. आपल्या जुन्या देवळांतलं कावी काम आठव. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या काव मातीचा थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. दोनच रंग, त्यात देव, वेली, मोर सगळं मावलं आणि इतक्या वर्षांनीही लांबून वाचता येतं. तुझं पोस्टर काव तांबडा आणि चुन्याचा पांढरा या दोन रंगांत एकदा करून बघ. देवीचा फोटो मग आपोआप उठून दिसेल.

त्या फोटोबद्दलही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. ए-थ्री कागद 297 बाय 420 मिलिमीटर. 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरले तर, 3508 बाय 4961 पिक्सेल लागतात. तुझा फोटो 1200 पिक्सेल रुंद आहे, म्हणजे छापील दहा सेंटिमीटरलाच पुरणारा. ताणला की पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही. पुजाऱ्यांना विचारून, सकाळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता तूच नवा काढ आणि मूळ फाइल वापर. इंटरनेटवरून कुणाचा उचलू नकोस. फ्लेक्सचं तेवढं कडक नसतं, लांबून बघायचा असतो; आठ बाय चार फुटांना 72 डीपीआयने 6912 बाय 3456 पुरे. चारी बाजूंना 3 मिलिमीटर जादा रंग सोड, कटिंगला लागतो. आणि स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा-निळा छापताना मळतो, म्हणून आधी एक छोटा प्रूफ, म्हणजे छापील नमुना, माग.

पार्श्वभूमी काढताना इरेजर वापरलास ना? केसांच्या कडेवरून कळलं. लेअर मास्क वापर, म्हणजे फोटोचा भाग न पुसता नुसता झाकणारा थर. काळ्याने झाकायचं, पांढऱ्याने परत आणायचं, मूळ फोटो तसाच राहतो. काम एक्ससीएफमध्ये, म्हणजे जिम्पच्या स्वतःच्या फाइलमध्ये, ठेव. जेपेग पुन्हापुन्हा उघडून सेव्ह केलास की दरवेळी थोडा बिघडतो. तो फक्त शेवटी, पाठवण्यापुरता. जिम्प 3 मध्ये फिल्टरसुद्धा नंतर बदलता येतात, तुझी आवृत्ती जुनी असेल तर नवी घे, पैसे पडत नाहीत.

देवीच्या मुखवट्यावर तू डावीकडून पडू दिलेला उजेड मात्र नव्या फोटोतही अजिबात बदलू नकोस. तो कुणी शिकवून येत नाही.

बुधवारपर्यंत एक्ससीएफ फाइल पाठव, फाँटसकट. आणि प्रिंट निघाली की देवळासमोर बांधायच्या आधी आपण दोघं रस्त्यापलीकडच्या पिंपळाखाली उभे राहून एकदा बघू. मी शुक्रवारी संध्याकाळच्या बसने येतो. आईला नमस्कार सांग.

तुझा,
फोंड्याचा दोस्त