गाणे भिडते ते फक्त शब्दांनीच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचक आपापल्या आवडत्या गाण्यांविषयी लिहीत आहेत. मी ती पत्रे आवडीने वाचतो. पण जवळजवळ प्रत्येकाचे म्हणणे एकच: शब्द अर्थपूर्ण होते, म्हणून गाणे काळजाला भिडले. एकाने तर शब्द कळत नसतील तर गाणे म्हणजे नुसता आवाज, असेच लिहून टाकले. पुण्या-मुंबईकडे हे खपून जाईल एखादवेळेस. मराठी-कन्नड शेजारी शेजारी नांदणाऱ्या बेळगावात राहून माणसाला असे म्हणवते कसे, याचे मला नवल वाटते.

आमचे घर वडगावातले, विणकराचे. पुढच्या सोप्यात यंत्रमाग, मागच्या खोलीत आईचा सुताच्या कांड्या भरायचा रहाट. माग सुरू असला की शेजारी उभा राहिलेला माणूस काय बोलतो तेही कळत नाही, मग कोनाड्यातल्या ट्रान्झिस्टरचे शब्द कुठून कळणार? त्या खडखडाटातून वर यायचा तो गाणाऱ्याचा फक्त तार स्वर. वडील तेवढ्यावरून ओळखायचे. धोट्यावरची नजर न काढता म्हणायचे, "भीमण्णा लागले की रे!" भीमण्णा म्हणजे भीमसेन जोशी. मधेच वीज जायची. माग थांबायचा, पण ट्रान्झिस्टर सेलवर चालायचा, आणि एकदम लख्ख शब्द ऐकू यायचे. 'इंद्रायणी काठी, देवाची आळंदी' यातली आळंदी मला अशी वीज गेल्यावर कळली. गाणे त्याआधी कितीतरी वर्षे माझ्या अंगात मुरलेले होते.

या गाण्याची आणखी एक गंमत आहे. आमच्याकडच्या भजनांत ते सर्रास संतांचा अभंग म्हणून म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांचे डोळेही भरून येतात. पण ते आहे 1953 च्या 'गुळाचा गणपती' चित्रपटातले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची, जे कधीकाळी आमच्याच राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. गाणारे पंडित भीमसेन जोशी जन्माने गदगजवळच्या रोणचे, घरची भाषा कन्नड. आता यातला कोण कुणाला भिडला, हे शब्दांच्या तराजूत कसे तोलायचे?

आईचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तिला कन्नड येत होते ते बाजारापुरते. भाव करायचा, सुटे मागायचे, झाले. पण धारवाड आकाशवाणीवर मल्लिकार्जुन मन्सूर कन्नड संतकवयित्री अक्कमहादेवींचे 'अक्का केळव्वा' हे वचन, म्हणजे भक्तिपद, गायला लागले की तिचा रहाट थांबायचा. कांडी अर्धी भरलेली, सूत बोटात तसेच, आणि बाई ऐकत बसलेली. पलीकडच्या घरातल्या कानडी अव्वांची तऱ्हा उलटी. त्यांना मराठी "बसा" आणि "जेवलासा काय?" याच्या पुढे जात नव्हते, पण सांगली केंद्रावर अभंग लागला की त्या भिंतीवर टकटक करून आवाज वाढवायला सांगायच्या. दोघींना कुणी अर्थ समजावून सांगितला नव्हता, आणि त्यांनी विचारलाही नव्हता. ('कानडा राजा पंढरीचा' या गाण्याचा दाखला मी मुद्दाम देत नाही. तो दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी भाषणांत वाजवून वाजवून पार झिजवून टाकला आहे.)

ज्या नाट्यसंगीतावर आपण मराठी माणसे एवढा जीव टाकतो, त्याचे मूळही पाहावे. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा पदांना कुठून कुठून चाली घेतल्या: हिंदुस्थानी चिजा, कीर्तनातली पदे, लावण्या, बायकांची गाणी आणि कर्नाटकी चालीही. आधी कानात बसलेली चाल, मग तिच्या मापाचे शब्द. त्या पदांनी लोकांना वेड लावले त्यात चालीचा वाटा किती, हे नाटकवेड्या बेळगावकरांना सांगायला नको.

सुळेभावी तर शहरापासून हाकेवर. तिथे 1924 साली शिवपुत्र कोमकळीमठ जन्मले, तेच पुढे कुमार गंधर्व. मायबोली कन्नड, शिकले मुंबईत देवधर मास्तरांकडे, राहिले देवासला, गायले कबीर. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झाल्यावर डॉक्टरांनी गाणे बंद करायला लावलेला हा माणूस काही वर्षांनी पुन्हा गायला बसला. त्यांचे 'उड जाएगा हंस अकेला' लागले की मी हातातले काम ठेवतो. त्यातल्या निम्म्या ओळींचा अर्थ मला आजही नीट सांगता यायचा नाही. तुटक, झटक्यात फेकलेला तो स्वर आणि मधली ती शांतता, मला तेवढे पुरते.

शब्दांची किंमत मी कमी करत नाही. पोवाड्यात, छक्कडीत शब्दच सगळे काम करतात. अण्णा भाऊ साठे यांच्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या 'माझी मैना' या छक्कडीत बेळगावचे नाव येते तिथे आमच्या पिढीच्या अंगावर सर्रकन काटा येतो, आणि तो काही चालीमुळे नव्हे. तिथे त्या वाचकाचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य. पण एका प्रकाराचा नियम सगळ्या गाण्यांना लावू नये. (मिरवणुकीतल्या डीजेविषयी लिहीत नाही. तिथे शब्दही नाहीत आणि सूरही नाही, नुसती छाती हादरते.)

आता एक विनंती. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव, कुठेही जा, भजनी मंडळे अजून टिकून आहेत. कार्तिकात पहाटे काकड आरती होते. कित्येक ठिकाणी तुकोबांच्या अभंगामागोमाग कन्नड संत पुरंदरदासांचे पद होते आणि पखवाजवाला तोच असतो. पण हे कुठे आणि किती वाजता आहे, ते त्या गल्लीबाहेर कुणाला कळत नाही. 'शहरातील कार्यक्रम' या सदरात आपण सत्कार आणि हळदीकुंकू नेमाने छापता. त्याच सदरात दोन ओळी भजनांना द्याव्यात: मंदिराचे नाव, वेळ, आणि बाहेरच्यांनी आले तर चालेल की नाही. मंडळांनी माहिती कार्यालयात आणून द्यायची असेल तर आमच्या गल्लीतल्या मंडळाची मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक जुना वाचक
वडगाव, बेळगाव