दुसरी पुडी

दांडिया बाजार, वडोदरा

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, संक्रांतीचा मेसेज सव्वाशे जणांना पाठवला, उत्तरं आली नऊ. तीही नुसते जोडलेले हात." तुझा आवाज उतरला होता. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

चित्र सुरेख होतं, मलाही आलं होतं. पण त्यात माझं नाव नव्हतं, बाळा. तयार मजकुराचं मला वावडं नाही. पूर्वी शुभेच्छांच्या तारेचेही मजकूर ठरलेले असायचे आणि त्यांना क्रमांक असत. दिवाळीच्या शुभेच्छांचा क्रमांक एक. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली. पण तो आकडा लिहायलासुद्धा माणूस पोस्टात जायचा, पत्ता आठवून घालायचा, रांगेत उभा राहायचा. तार हातात पडली की घेणाऱ्याला ते सगळं समजायचं.

तुझ्या आईनं यंदाही हलवा घरीच केला. मंद आचेवर परात, त्यात भाजलेले तीळ आणि चमच्याच्या टोकानं थेंब थेंब पाक. प्रत्येक थेंबाला बोटांनी तीळ फिरवत राहायचं, हात थांबला की गोळा झालाच. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे होतात. काटा मागाहून येतो, तोही हवेत गारवा असेल तर. आपल्याकडे थंडी ती किती! म्हणून ती पहाटे पाचला शेगडीपाशी बसते. बोटांची टोकं लाल होतात. मूठभर हलव्यापायी एवढं कशाला, असं मी दर वर्षी विचारायचो. यंदा शेजारी बसून राहिलो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. कॉलेजात असताना माझं जिवलग मित्राशी बिनसलं. उत्तरायणाला, म्हणजे इथल्या संक्रांतीला, गच्चीवर पतंग उडवताना. मांज्याची फिरकी कोणाची यावरून सुरू झालं आणि एकमेकांच्या घरच्यांचा उद्धार होईपर्यंत गेलं. दोन वर्षं अबोला. मधे तो नोकरीला ग्वाल्हेरला गेला. तिसऱ्या संक्रांतीला त्याचं पाकीट आलं. आत वहीच्या कागदाच्या पुडीत हलवा. पोस्टाचा शिक्का नेमका पुडीवर बसलेला, सगळ्याचा भुगा, एकच दाणा अख्खा. कागदावर एवढंच लिहिलेलं: "फिरकी तुझीच होती. तिळगूळ घे."

त्याला फिरकी आठवत होती, म्हणून ते माझ्या जिव्हारी लागलं. तो दाणा मी दारातच उभ्या उभ्या खाल्ला आणि रडलो. तरी उत्तराला हात उचलेना, लाज वाटत होती. आठवडा गेला तशी तुझी आजी म्हणाली, "रथसप्तमी व्हायची आहे अजून." त्याच रात्री लिहिलं.

तेच तुला सांगतो. इथं पंधरा तारखेला वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, झाला की गुजराती शेजाऱ्यांचा सण उरकतो, फिरक्या माळ्यावर जातात. आपल्याकडे मात्र तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो. उशीर झाला असं मनात आणू नकोस. सव्वाशे राहू देत. पाच-सहा जणांना लिही, प्रत्येकाला नावानिशी. ज्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालं, त्याला काका कसे आहेत ते विचार. जिनं रात्र जागून तुझा रिपोर्ट तपासून दिला, तिला त्या रात्रीची आठवण लिही. ज्यांना तू अजून प्रत्यक्ष पाहिलेलंही नाहीस, फोनवरच मैत्री झाली, त्यांनाही लिही. ती माणसं तुझी आजारपणं, परीक्षा सगळं विचारत असतात, मला माहीत आहे. दोन ओळी पुरतात.

आणि तुझी खोलीतली ती मैत्रीण, जिचं नाव दिवाळीपासून तुझ्या तोंडी नाही. चुकलं कोणाचं ते मी विचारत नाही. तिला चित्र पाठवू नकोस.

हलवा सोबत आहे. शिक्क्यानं फुटू नये म्हणून आईनं पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घालून दोऱ्यानं बांधला आहे. उद्या सकाळी रावपुऱ्याच्या पोस्टात टाकतो, तीन-चार दिवसांत बेंगळुरूला पोचेल. आत दोन पुड्या आहेत. एकीवर तुझं नाव आईच्या अक्षरात आहे. दुसरी कोरी ठेवली आहे, तिच्यावर नाव तू घाल.

तुझे,
बाबा