मंजे, इथल्या डच आज्यांबद्दल तुला सांगायचंच होतं

प्रिय मंजे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. तू विचारलंस नव्या नोकरीत कसं चाललंय, माणसं कशी आहेत, तर ते व्हॉट्सअ‍ॅपवर मावणारं नाही म्हणून आज सुट्टीचं निवांत लिहितेय.

मी आता मेलबर्नच्या पूर्वेकडच्या एका वृद्धाश्रमात केअरचं काम करते आणि इथले बरेचसे आजी-आजोबा डच आहेत, म्हणजे हॉलंडचे. १९५० नंतर बोटीने आलेले, कुणी ऐन तरुणपणी लग्न करून, कुणी आईबापाचं बोट धरून. बाहेरच्याला वाटतं हे इथलेच गोरे. पण जवळून बघ म्हणजे कळतं काय काय गेलंय या लोकांचं.

युद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी पश्चिम हॉलंडचं अन्न तोडलं आणि वीसेक हजार माणसं उपासमारीने गेली. लोक ट्युलिपचे कंद शिजवून खायचे. आमच्या एक आजी सांगतात की ते कोरडं आणि कडवट लागायचं, घशात खवखवायचं. इथे जवळ सिल्व्हनला टेसेलार नावाच्या डच जोडप्याने सुरू केलेली ट्युलिपची शेती आहे, ते दोघं १९३९ लाच आलेले, १९५४ पासून लोकांना बघायला खुली आहे. दर वसंतात आमची बस तिथे जाते. या आजी बसमधून उतरतच नाहीत. जेवताना ब्रेडचा शेवटचा तुकडा नॅपकिनमधे गुंडाळून ड्रॉवरमधे ठेवतात आणि मी तो फेकत नाही, दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर नवीन आणून ठेवते आणि मगच जुना उचलते.

युद्ध संपलं तरी राहायला घरं नव्हती, लग्न झालेली जोडपी वर्षानुवर्षं सासरच्या एका खोलीत, त्यात १९४९ ला इंडोनेशिया ही त्यांची वसाहत हातची गेली आणि तिकडचे लोक परत यायला लागले. तेव्हा पंतप्रधान विलेम ड्रेसच लोकांना म्हणायला लागले की हिंमत करा, बाहेरचे मोठे देश बघा. स्वतःच्याच सरकारने असं सांगावं म्हणजे बघ ना! १९५१ ला ऑस्ट्रेलियाशी करार झाला, तिकिटाला सरकारी मदत मिळायला लागली, आणि १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र आत घुसून अठराशेच्या वर माणसं बुडाली त्यानंतर तर उरलीसुरली आशाही बऱ्याच जणांची संपली. ऑस्ट्रेलियाला माणसं हवीच होती, पण गोरी. तुझे-माझे आजोबा तेव्हा अर्ज घेऊन गेले असते तर दारातूनच परत पाठवलं असतं, हे धोरण पुरतं जायला १९७३ उजाडलं. डच बापाच्या आणि इंडोनेशियन आईच्या मुलांनासुद्धा रंग बघून निवडायचे. हे मला विसरता येत नाही, आणि तरी या म्हाताऱ्यांवर माझा जीव आहे, दोन्ही खरं आहे.

बोटीचा प्रवास महिनाभराचा तरी, सुएझमधून. ग्रोटे बेअर, वॉटरमन, झायडरक्राउस, ही नावं आजोबा लोक अजून घेतात. या तिन्ही महायुद्धात अमेरिकेने बांधलेल्या, सैनिक नेणाऱ्या बोटीच दुरुस्त केलेल्या, त्यामुळे कित्येकदा नवरा पुरुषांच्या हॉलमधे आणि बायको-पोरं दुसरीकडे. मेलबर्नच्या स्टेशन पिअरला उतरलं की आगगाडीने सरळ बोनेगिला, लष्कराची जुनी छावणी, १९४७ ते १९७१ मधे तीन लाखांवर माणसं तिथून गेली. पत्र्याच्या बराकी, उन्हाळ्यात भट्टी, आणि रोज मटण, तेही म्हाताऱ्या मेंढीचं, त्या वासाने बायका रडायच्या म्हणे. मदतीवर आलेल्यांना सरकार देईल ते काम दोन वर्षं करायचं. हातात कसब असलेला माणूसही कागदावर मजूरच.

पैसे फार आणू द्यायचे नाहीत म्हणून लोक आपलं सामान मोठमोठ्या लाकडी खोक्यांत भरून आणायचे आणि मग त्याच फळ्यांची शेड, कोंबड्यांचं खुराडं, काही जण तर सुरुवातीला त्यातच राहिले. कष्ट मात्र उपसले, अगं. डिक डुसेलडॉर्प नावाचा इंजिनिअर १९५१ च्या सुमाराला स्नोई माउंटन्सच्या धरणाच्या कामगारांसाठी घरं बांधायला आला आणि पुढे सिडनीच्या ऑपेरा हाउसचा पाया त्याच्याच कंपनीने घातला. तास्मानियात किंग्स्टनला ग्रोनिंगनच्या धार्मिक लोकांनी तर अख्खी वस्ती उभी केली, चर्च, बांधकाम कंपनी, नंतर शाळासुद्धा.

पण बहुतेक जण विखुरले, आणि सरकारने त्यांची सगळ्यात जास्त स्तुती कशाची केली माहितीय? की हे लोक दिसतच नाहीत, चटकन मिसळून जातात. शाळेतल्या बाई घरी येऊन सांगायच्या, पोरांशी इंग्लिशच बोला. आणि यांनी ऐकलं! मायकेल क्लाइन नावाचे इथले भाषातज्ज्ञ होते, त्यांनी दाखवून दिलं की घरची भाषा सोडण्यात डच लोक सगळ्यांच्या पुढे. उरलं काय तर पत्त्यांचा क्लब, पाच डिसेंबरचा सिंटरक्लास, म्हणजे पोरांना भेटी देणाऱ्या त्यांच्या सांताचा सण, कॉफीबरोबर एक बिस्किट आणि संडासाच्या दारामागे टांगलेलं वाढदिवसांचं कॅलेंडर. ते आमच्याकडे खोल्याखोल्यांत आहे, गेलेल्यांच्या नावांपुढे बारीक क्रॉस वाढत चाललेत.

आता वय झालं, विस्मरण आलं, की इंग्लिश आधी जातं. नंतर शिकलेलं ना ते. खोली नंबर सांगत नाही पण एक आजी आहेत, त्या आता फक्त डच बोलतात. लेक दर रविवारी येते, सत्तरीची आहे, तिला डच येत नाही. आई तिचा हात धरून पंधरा-वीस मिनिटं काहीतरी अगदी महत्त्वाचं सांगत असते, मधेच थांबून उत्तराची वाट बघते, आणि लेक नुसती "येस मम, येस मम" करते. परवा मला कॉरिडॉरमधे धरून म्हणाली, तू तिच्याजवळ असतेस, काय सांगत असते गं ती? मी काय सांगणार. मग आम्ही एक डच बोलणाऱ्या व्हॉलंटिअर काकू शोधल्या, गुरुवारी येतात. त्यांनी सांगितलं की आजी झेलंडमधल्या (१९५३ ला बुडाला तोच भाग) त्यांच्या घरातली गाय पुरात सोडून यावी लागली ते सांगतात, आणि आपल्या आईला परत कधी भेटता आलं नाही ते. इतक्या वर्षांत लेकीला हे माहीतच नव्हतं. मला त्या शाळेतल्या बाईचा इतका राग आला, मंजे, कधी न बघितलेल्या बाईचा.

आमचा पोरगा हल्ली मी मराठीत विचारलं की इंग्लिशमधे उत्तर देतो आणि मी घाईत असले की चालवून घेते. ते आता बंद केलंय. सासूबाई डिसेंबरात येतायत, त्यांच्याबरोबर त्याच्यासाठी गोष्टींची मराठी पुस्तकं पाठव, मोठ्या टायपातली, आणि काकूंच्या आवाजात दोन-चार गोष्टी रेकॉर्ड करून पाठवशील का? त्यांची ती टोपीवाल्याची तर नक्की. काकूंना नमस्कार, गुडघ्याचा व्यायाम चुकवू देऊ नकोस.

तुझीच,
वैशू