खराट्याचे हीर टाकू नका

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर धड काही सांगता येत नाही. मी तोंड उघडलं की आई "जेवलास काय?" विचारते, मागून बाबा "पाऊस किती आहे ते विचार" म्हणतात आणि तेवढ्यात रेंज जाते. म्हणून लिहितो.

आधी तुमच्या काळजीचं. खोली कोरडी आहे. कौलं मे महिन्यातच परतून घेतलेली आहेत, एक थेंब गळत नाही. अंघोळीला गरम पाणी मिळतं. सकाळी सातला मालकीणबाई उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड देतात, शुक्रवारी सुक्या सुंगटांची किसमूरही होती. शाळा आठची, साडेसातच्या कदंबा बसने वेळेत पोचतो. मुलांचा पोषण आहार वाढण्याआधी शिक्षकाने चाखून बघायचा असतो, ते काम आपोआप माझ्याकडे आलंय. तेव्हा आई, मी वाळलेलो नाही.

बाबा, तुम्ही माकडतापाचं विचारलंत. इथे सत्तरी तालुक्यात तो आहे, २०१५ पासून लोकांनी भोगलाय. पण तो गोचिडीमुळे होतो आणि त्याचे दिवस हिवाळ्यापासून पाऊस सुरू होईपर्यंतचे. आत्ता बाहेर धबाधबा कोसळतोय आणि दिवाळीला मी घरी असेन.

आता जे सांगायचं टाळत होतो ते. आम्हां शिकाऊ शिक्षकांना सरावाच्या शाळा वाटून देतात असं मी म्हणालो होतो. ते खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं. यादीत पेडण्याची शाळा होती, घरापासून दहा मिनिटांची. मी ती सोडली आणि ही मागून घेतली. वेर्ण्याची नोकरी सोडताना घरात जे झालं ते पुन्हा नको, म्हणून तेव्हा गप्प बसलो. रागावा हवं तर, पण कारण ऐकून रागावा.

घराजवळच्या शाळेत प्रत्येक इयत्तेला वेगळी खोली, वेगळ्या बाई. तिथे मी एका इयत्तेसमोर पस्तीस मिनिटं उभं राहायला शिकलो असतो. इथे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात: पहिलीची ९, दुसरीची १२. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे लहान गावात चार इयत्ता दोघांनी वाटून घ्यायच्या. आपल्याकडे अशा शाळा काय कमी आहेत? उद्या नेमणूक मिळालीच तर अशाच ठिकाणी मिळण्याचा संभव जास्त. तेव्हा एकट्याने गडबडण्यापेक्षा आत्ता, मागे अनुभवी बाई बसलेल्या असताना चुकलेलं बरं. या सोळा आठवड्यांत पगार नाही हे मला ठाऊक आहे, आणि तुम्ही ते एकदाही बोलून दाखवलं नाहीत हेही.

डी.एल.एड.च्या, म्हणजे या प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या, दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात. चार मागच्या वर्षी झाले, हे उरलेले सोळा. पहिला आठवडा नुसतं निरीक्षण. मागे बसून वहीत लिहायचं, पण 'बाई छान शिकवतात' असं लिहिलं तर आमचे सर लाल रेघ ओढतात. लिहायचं ते असं: ८.४० ला दुसरीला फळ्यावर पाच गणितं दिली, ८.४४ ला तिघांची झाली, ८.४६ ला खोडरबरावरून भांडण. एवढ्या तीन ओळींत सगळं दिसतं. दोन इयत्तांच्या खोलीत मोडतं ते इथेच. शिकवत असतो त्या मुलांत काही बिघडत नाही, 'तुम्ही करत बसा' म्हटलेल्यांत बिघडतं.

पहिलीला सलग वीस मिनिटं द्यायची तर दुसरीच्या हातात वीस मिनिटं पुरेल असं काम हवं, आणि ते कुणाला न विचारता सुरू करता आलं पाहिजे. नुसती पाच गणितं पुरत नाहीत. पाच गणितं, त्यातल्या एकाचं चित्र, मग शेजाऱ्याला घालायचं स्वतःचं एक गणित. हे शेवटचं कधी संपतच नाही. फळ्यावर मध्ये उभी रेघ, डावीकडे पहिली, उजवीकडे दुसरी. दुसरीची बाजू शाळा भरण्याआधीच लिहून ठेवायची, कारण मुलांकडे पाठ करून फळा भरत बसलं की मागे बाजार भरतो. पावसात पत्र्याच्या पडवीवर सर आली की घसा फोडून उपयोग नाही. तोंडी काम थांबवून पाट्या काढायला लावायच्या. खडू सर्दावला की फळ्यावर नुसता घसरतो, म्हणून बाईंनी तो झाकणाच्या डब्यात तांदळात पुरून ठेवलाय. हे पाठ टाचणाच्या कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला अजून कळलेलं नाही.

भाषेचं थोडक्यात सांगतो. मुलं घरी कोंकणी बोलतात, पुस्तक मराठी. 'लिहा' म्हटल्यावर पहिलीची दोन पोरं बघत बसतात, 'बरयात' म्हटलं की पाटी पुढे ओढतात. पहिले काही दिवस दोन्ही शब्द पाठोपाठ म्हणायचे, मग हळूहळू एक गाळायचा. 'म्हाका कळना' म्हणणाऱ्याला 'मराठीत बोल' म्हणून गप्प करण्याइतकी वाईट सुरुवात दुसरी नाही.

खरं लिहायचंय ते वजाबाकीचं, कारण त्यात तुमचं काम आहे. पुढच्या आठवड्यापासून दुसरीचं गणित माझ्याकडे. बावन्नातून सत्तावीस गेले की उत्तर २५. दुसरीतली बरीच मुलं ३५ लिहितात. ती आळशी नसतात. दोन उभ्या रकान्यांत त्यांना दोन वेगळी गणितं दिसतात: एकीकडे पाचातून दोन, दुसरीकडे सात आणि दोन, आणि दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढून मोकळी होतात. त्यात आपले आकडे. 'बावन्न' म्हणताना दोन आधी ऐकू येतात, लिहिताना पाच आधी. म्हणून बावन्न सांगितलं की काही मुलं सरळ २५ लिहितात. 'एकोणतीस' मध्ये तर तीसच ऐकू येतात, म्हणून ३९. कोंकणीतही तीच गत. २०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा बाबा, तुम्ही पेपर आपटला होता. माझं मत तेव्हा तुमच्या बाजूने होतं, आता तितकं पक्कं नाही. ते गणेशचवथीला घरी आलो की बोलू.

यावर उपाय म्हणजे गठ्ठे. बावन्न म्हणजे दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुटे. सात द्यायचेत, सुटे दोनच आहेत, तर मुलाने स्वतःच्या हाताने एक गठ्ठा सोडायचा. आता चार गठ्ठे, बारा सुटे. सात दिले, पाच उरले. दोन गठ्ठे दिले, दोन उरले. गठ्ठा सोडताना मी हात लावायचा नाही, यात सगळं आहे. मी सोडून दिला तर ती जादू होते आणि पोर पुन्हा ३५ वर जातं. तीन-चार दिवस नुसते गठ्ठे बांधायचे आणि सोडायचे, वही मिटलेली. मग एका हाताशी गठ्ठे आणि दुसऱ्या हाताशी वही: गठ्ठा सुटला की त्याच क्षणी पाचावर काट मारून वर चार लिहायचे. हा सांधा गाळला तर काड्यांवर बरोबर येणारं मूल वहीत पुन्हा चुकतं.

दुसरीच्या १२ मुलांच्या सहा जोड्या, जोडीला शंभर काड्या, म्हणजे ६००. आईस्क्रीमच्या काड्या विकत मिळतात, पण आपल्या माडाचे हीर असताना कशाला? बाबा, जुने खराटे सोडवून हीर सुटे करा. प्रत्येक काडी चार बोटं लांब. हिराच्या बुडाकडचा जाड भागच घ्या, एकातून चार-पाच तुकडे निघतात. शेंड्याकडचा पातळ भाग गठ्ठ्यात मोडतो आणि मग दहाचे अकरा होतात. दीडशे हीर पुरतील. टोकं दगडावर घासून बोथट करा, मुलं एकमेकांच्या डोळ्याजवळ नेतात. कापल्यावर चुलीवरच्या फळीवर दोन दिवस ठेवा, नाहीतर या हवेत बुरशी धरतील. बांधायला बाजारातले रबर नकोत, ते चिकट होऊन तुटतात. माझ्या जुन्या सायकलची ट्यूब मागच्या पडवीत टांगलेली आहे, तिच्या बारीक चकत्या कापा. गठ्ठ्याला दोन वेढे बसतात आणि लहान बोटांना सोडता येतात. साठ हव्यात, सत्तर कापा, दहा हरवतातच.

आणि हे बसून करा. सोप्यावर, चष्मा लावून, दिवसा. रोज शंभर पुरेत. बाबांची रक्तदाबाची गोळी पेजेनंतर, आधी नाही. आई, तू समोर उभी राहून दे, ते 'घेतली' म्हणतात त्यावर जाऊ नकोस. तुझ्या गुडघ्यासाठी विहिरीवर जाणं बंद, नळाचं पाणी उकळून प्या. रात्री वीज गेली तर मेणबत्ती नाही, मी ठेवलेली बॅटरी वापरा. न्हाणीतलं शेवाळ मी येऊन घासेन, तोवर तिथे काथ्याचं पायपुसणं टाका. औषधं संपत आली की खोकं तसंच पिशवीत घालून म्हापशाच्या दुकानात दाखवा, नाव आठवत बसू नका. मी ओरडतोय असं वाटत असेल तर ओरडतोय.

चवथीच्या सुट्टीला आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचतो. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीसाठी बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. रानफळं, नारळाचा घड जे काही जमवाल ते खालीच ठेवा, बांधेन मी. गेल्या वर्षीचं सगळ्यांना आठवतंय, पुन्हा लिहीत नाही. दोघांनी एकेकट्याने जेवू नका. संध्याकाळी सातला फोन करीन, तो पहिल्या घंटीला उचलायची गरज नाही, धावत येऊ नका.

बाबा, माझ्या हातावर हात ठेवून पाटीवर 'श्री' गिरवून घ्यायचात, तो दाब मला अजून आठवतो. परवा एका पोराच्या हातावर मी तसाच हात ठेवला आणि मग काढून घेतला. त्याला स्वतःला गिरवायचं होतं.

तुमचा,
पिंटू

ता. क. काड्या गोणत्यात नकोत, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. शनिवारी मावशीचा मुलगा साखळीला येतो, त्याच्याकडे द्या. आई, त्याच डब्यात लाडू भरू नकोस. वेगळा डबा दिलास तर मात्र चालेल.