अप्पांची केस

साखर पेठ, सोलापूर
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

तुझे अप्पा गेल्यावर तुला एक ओळही लिहिली नाही. त्याचं कारण पुढे येईलच. माझी साखर ताब्यात आहे, गुडघा कुरकुरतो. झालं तब्येतीचं.

धाकटी दिवाळीला आली आणि मूल नको म्हणाली. जावईही त्याच मताचे. "बाबा, 2022 मध्येच जगात आठशे कोटी झालो. आता तर चीनच्याही पुढे. त्यात आपलं आणखी एक कशाला?" बंड्या, हे तिला मीच शिकवलंय रे. चार-पाच दिवसांनी नळ येणार, तोही रात्री दोनला. बादल्या भरताना मी म्हणायचो, "माणसंच फार झाली बे!" ती तेच ऐकत मोठी झाली.

हॉस्टेलवर याच्यावरूनच तू आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. (माझी शेंगाचटणी मात्र संपवलीस, लेका.) तू म्हणायचास, पाणी माणूस पीत नाही, ऊस पितो. मी तुला शेतकऱ्याचा वैरी ठरवलं. आता पटतं. उजनी धरण भरून वाहतं त्या वर्षीही आपला नळ रोज येत नाही. शहरासाठी भीमेत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्याला येईस्तोवर वाटेत मुरतं, उन्हानं उडतं, काठावरच्या मोटारी ओढून घेतात. त्यात पाळण्यातल्या पोराचा काय दोष?

धाकटीला समजावलं. 2019-21 च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागं सरासरी 1.7 मुलं निघाली. संख्या आहे तिथं राहायलाही 2.1 लागतात. आकडा अजून वाढतोय, कारण आधी जन्मलेलेच तरुण पुष्कळ आहेत. ती शांतपणे म्हणाली, "मग माझ्यावाचून काय अडलंय?" मला नातवंड हवंय एवढंच खरं कारण होतं, आणि ते तोंडातून निघेना.

मामी कोपऱ्यात वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "तिचं तिला ठरवू दे. मला कुणी विचारलं होतं?"

शहात्तर साल, बंड्या. नसबंदीसाठी माणूस, म्हणजे ‘केस’, आणल्याशिवाय अप्पांचा पगार निघणार नव्हता. त्यांनी मामाला सायकलवर डबलसीट कॅम्पला नेलं. मामाला एकच मुलगी. 1976-77 मध्ये देशात साठ लाखांवर पुरुषांची नसबंदी झाली, त्यात आपला मामा. पुढे दर गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, अप्पा त्या पोरीला फ्रॉक घेऊन यायचे. मामा आतल्या खोलीत जाऊन बसायचा, मामी फ्रॉक ठेवून घ्यायची. मी भर वर्गात तुझ्या बापाचं नाव काढलं आणि तू माझा दात पाडलास. अप्पांच्या दिवसांना आलो नाही तो याच रागानं. आणि ज्या वाक्यापायी मामाचं दार गाठलं गेलं, तेच मी जन्मभर नळावर म्हणत राहिलो. तुमच्या घरी चार पोटांचे हाल होते तेव्हा, अप्पांनी करायचं तरी काय होतं? हे मला आत्ता कळतंय. माफ कर.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? पोराला नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं वाटलं.

जानेवारीत गड्ड्याला ये. घरीच उतर. मामीला एक विचारायचंय, फोनवर नको म्हणते : अप्पा घरात मामाविषयी कधी काही बोलायचे का?

तुझाच,
पक्या